प्रमाण कोणते आणि कोणासाठी? : ‘डॉक्टर हू’च्या निमित्ताने कथासातत्याचा विचार

१

एखाद्या कादंबरीत दोन परस्परविरोधी विधाने आढळली, तर समीक्षक सामान्यतः दोन मार्गांनी जातो. एक तर तो त्या विरोधाला लेखकाचा प्रमाद मानून सोडून देतो, किंवा त्या विरोधातच काही अर्थसूचन दडलेले असावे असे गृहीत धरून त्याचा शोध घेतो. दोन्ही मार्गांमध्ये संहिता ही कोणीतरी रचलेली वस्तू आहे, ही जाणीव कायम असते. दीर्घकाळ चालणाऱ्या विज्ञानकथा-मालिकांचे चाहते मात्र तिसराच मार्ग पत्करतात. विरोध आढळला की ते रचनाकाराला दोष देऊन थांबत नाहीत. रचनेचे रहस्यही ते शोधत नाहीत. कथाविश्व हे जणू स्वयंसिद्ध वास्तव आहे आणि उपलब्ध संहिता म्हणजे त्या वास्तवाविषयीचे अपुरे, कधी सदोष असे पुरावे आहेत, असे मानून ते त्या पुराव्यांची संगती लावू पाहतात. ‘खरोखर काय घडले?’ हा त्यांचा प्रश्न असतो. या प्रश्नातून ‘सातत्य’ आणि ‘कॅनन’ या दोन संकल्पनांभोवतीचा वाद उभा राहतो.

या वादाला समीक्षाव्यवहारात फारशी प्रतिष्ठा मिळालेली नाही. वाचनाच्या हौसेचा तो अतिरेक समजला जातो. परंतु या वादाची पद्धती पाहिली तर ती नवी नाही, हे ध्यानात येते. धर्मग्रंथांची संगती लावणाऱ्या सर्व परंपरांनी हीच पद्धती वापरली आहे. पूर्वमीमांसेने एकवाक्यतेचा आग्रह धरला. श्रुती आणि स्मृती यांत विरोध आल्यास श्रुती प्रमाण, असा अधिकारक्रम ठरवला. आणि जी वाक्ये शब्दशः घेता येत नाहीत त्यांच्यासाठी अर्थवादाची सोय केली. विज्ञानकथेचा चाहता जेव्हा ‘पडद्यावर दिसले ते कादंबरीत लिहिलेल्यापेक्षा प्रमाण’ असे म्हणतो, तेव्हा तो श्रुती-स्मृतीचाच न्याय लावत असतो. एखादे गैरसोयीचे विधान ‘तो नायकाचा विनोद होता’ म्हणून बाजूला सारतो, तेव्हा तो अर्थवादाचाच आश्रय घेत असतो.

‘कॅनन’ हा शब्द लोकप्रिय कथावाङ्मयाला लागू झाला तोही धर्मचिकित्सेच्या वाटेनेच. रोनाल्ड नॉक्स यांनी १९११ मध्ये ऑक्सफर्ड येथे शेरलॉक होम्सच्या कथांवर एक निबंध वाचला. बायबलच्या तत्कालीन ऐतिहासिक चिकित्सेची ती नक्कल होती. कोणत्या कथा अस्सल आणि कोणत्या नंतरच्या हाताने घुसडलेल्या, याची ‘चिकित्सा’ नॉक्स यांनी गंभीर मुद्रेने केली. डॉ. वॉटसनची जखम १८८७ च्या कादंबरीत खांद्याला आहे आणि १८९० च्या कादंबरीत पायाला. त्यांचे नाव जॉन असताना एका कथेत पत्नी त्यांना जेम्स म्हणते. कॉनन डॉईल यांच्या या निष्काळजीपणातून चार कादंबऱ्या आणि छप्पन कथांच्या ‘प्रमाणसंहिते’भोवती टीकाग्रंथांची एक शाखाच निर्माण झाली. येथे दोन गोष्टी नोंदवण्यासारख्या आहेत. पहिली, या खेळाचा आरंभ विडंबनात आहे. खेळणाऱ्यांना आपण खेळत आहोत याचे भान आहे. दुसरी, येथे प्रमाणसंहितेची सीमा निर्विवाद आहे, कारण लेखक एक आहे आणि त्याचे लेखन संपलेले आहे. या दोन्ही अटी जेथे लागू होत नाहीत, तेथे काय घडते, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

२

ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनची ‘डॉक्टर हू’ ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. काळ आणि अवकाश यांत संचार करणारा, स्वतःचे नाव न सांगणारा एक परग्रहवासी, ही तिची मध्यवर्ती कल्पना. १९८९ मध्ये मालिका थांबली, १९९६ मध्ये एका दूरचित्रपटापुरती परतली आणि २००५ पासून पुन्हा सुरू झाली. या काळात असंख्य लेखक, संपादक आणि निर्माते बदलले. कोणा एकाला या मालिकेचा ‘लेखक’ म्हणता येत नाही. शिवाय, कोणती कथा प्रमाण आणि कोणती नव्हे, असे सर्वसमावेशक फर्मान मालिकेच्या मालक संस्थेने कधीही काढलेले नाही. म्हणजे हे कथाविश्व बहुकर्तृक, अपूर्ण आणि अधिकृत प्रमाणसंहितेवाचूनचे आहे. सातत्याचा आणि कॅननचा वाद त्याच्या शुद्ध स्वरूपात पाहायचा तर याहून सोयीचे उदाहरण मिळणे कठीण.

उंबेर्तो इको यांनी १९६२ मध्ये ‘सुपरमॅन’विषयी लिहिताना लोकप्रिय मालिकांच्या कालरचनेचा एक महत्त्वाचा विशेष दाखवून दिला होता. नायकाने काही कृती केली की तो मृत्यूच्या दिशेने एक पाऊल टाकतो, तो ‘खर्च’ होतो. आणि मालिका तर चालू ठेवायची असते. म्हणून प्रत्येक कथा एका धूसर वर्तमानात नव्याने सुरू होते आणि आधी काय घडले, नंतर काय घडेल, हे मुद्दाम अस्पष्ट ठेवले जाते. या विश्लेषणानुसार विस्मरण ही मालिकेच्या अस्तित्वाची अटच ठरते. ‘डॉक्टर हू’ने मात्र या पेचातून वेगळी वाट काढली. प्रमुख नट विल्यम हार्टनेल यांची प्रकृती साथ देईना, तेव्हा १९६६ मध्ये नायकाचा कायापालटच दाखवण्यात आला. देह गेला, नवा देह आला, व्यक्ती तीच राहिली. नायकाचे खर्च होणे हाच येथे रूपबंधाचा भाग झाला. त्यामुळे विस्मरणाची सोय संपली. पहिला, दुसरा, तिसरा अशी गणना सुरू झाली, आणि गणना आली की इतिहास आला. सातत्याची मागणी चाहत्यांनी बाहेरून लादलेली नाही. मालिकेने स्वतःच तिचे बीज पेरले आहे.

ज्या भागात हा पहिला कायापालट घडला, तो भाग मात्र संपूर्ण स्वरूपात संग्रहात उरलेला नाही. चित्रफिती पुसून पुन्हा वापरण्याच्या तत्कालीन धोरणामुळे १९६० च्या दशकातील अनेक भाग नष्ट झाले. प्रेक्षकांनी घरी ध्वनिमुद्रित केलेल्या फितींमुळे त्यांचा आवाज उरला. १९७० च्या दशकापासून निघालेल्या कादंबरी-रूपांतरांमुळे त्यांची कथा उरली. काही भाग परदेशांतील दूरचित्रवाणी केंद्रांतून परत मिळाले. नायजेरियातून मिळालेले हरवलेले नऊ भाग २०१३ मध्ये जाहीर झाले. तेव्हा ज्याला ‘मूळ’ म्हणायचे ते मूळच पाठभेदांच्या, रूपांतरांच्या आणि आठवणींच्या साहाय्याने सिद्ध करावे लागते. पडद्यावरचे प्रमाण आणि पुस्तकातले दुय्यम, हा अधिकारक्रम येथे पहिल्याच पायरीवर डळमळतो.

३

येथे सातत्य आणि कॅनन या दोन संकल्पनांतील भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण वादात त्यांची सतत सरमिसळ होते. सातत्य हा संहितांमधील परस्परसंबंधाचा गुण आहे. दोन विधाने एकाच विश्वात एकाच वेळी खरी असू शकतात की नाही, एवढाच त्याचा प्रश्न. कॅनन हा अधिकाराचा प्रश्न आहे. कोणती विधाने विचारात घ्यायची, हे तो ठरवतो. सुसंगत असूनही एखादी संहिता प्रमाण नसेल आणि प्रमाण असूनही विसंगत असेल.

प्रमाण मानलेल्या संहितांमधील विसंगतीचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ‘युनिट’ या लष्करी संघटनेच्या कथांचा काळ. १९६८ मधील एका कथेत १९३५ च्या घटनांना चाळीसहून अधिक वर्षे झाल्याचे म्हटले आहे. त्याच वर्षीच्या पुढच्या कथेत त्यावर आणखी चार वर्षे लोटल्याचा उल्लेख आहे. म्हणजे संघटनेच्या कथा १९७० च्या दशकाच्या अखेरीस येतात. १९७५ मधील कथेत नायकाची सहचरी आपण १९८० मधून आल्याचे सांगते. हे त्याच्याशी जुळते. परंतु १९८३ मधील कथेत त्या संघटनेचा ब्रिगेडियर १९७७ मध्ये निवृत्त होऊन शाळेत शिकवताना दिसतो. सर्व विधाने पडद्यावरची आहेत; अधिकारक्रम लावून कोणतेही बाद करता येत नाही. २००८ मध्ये मालिकेनेच यावर विनोद केला. आपण तेथे सत्तरच्या दशकात होतो की ऐंशीच्या, हे नायकालाच नीट आठवत नाही.

याहून मूलगामी उदाहरण १९७६ चे आहे. जानेवारी महिन्यातील ‘द ब्रेन ऑफ मॉर्बियस’ या कथेत नायक आणि प्रतिनायक यांच्यात मनोयुद्ध होते. यंत्राच्या पडद्यावर नायकाचे आधीचे ज्ञात चेहरे उमटतात आणि त्यांच्यामागून आणखी आठ अनोळखी चेहरे येतात. हे चेहरे मालिकेच्या निर्मितीतील मंडळींचे होते, आणि ते नायकाचे पूर्वावतार असावेत, असा निर्मात्यांचा हेतू होता. परंतु ज्याला पहिला मानले गेले होते तोच पहिला, असे मालिकेने आधीही सूचित केले होते आणि नंतरही केले. त्याच वर्षीच्या अखेरीस आलेल्या ‘द डेडली असॅसिन’ या कथेत टाइम लॉर्ड जमातीला बाराच कायापालट करता येतात, असा नियम सांगितला गेला. संहिता-संपादक तेच, रॉबर्ट होम्स. एका वर्षात, एकाच हाताखाली, परस्परांना छेद देणाऱ्या दोन गोष्टी मालिकेत आल्या.

चाहत्यांनी यावर काढलेला तोडगा कथनमीमांसेच्या दृष्टीने अभ्यसनीय आहे. ते चेहरे नायकाचे नसून प्रतिनायकाचे आहेत, असा तो तोडगा. ल्युबोमिर डोलेझेल यांनी दाखवले आहे की, कथाविश्वातील वस्तुस्थिती निवेदकाच्या प्रमाणीकरणाच्या अधिकारातून सिद्ध होते. निवेदक जे सांगतो ते त्या विश्वापुरते असते, पात्रे जे सांगतात ते तपासून घ्यावे लागते. दूरचित्रवाणी-नाट्यात असा निवेदक नसतो. तेथे प्रतिमा असते आणि पात्रांची वचने असतात. प्रतिमा ‘हे आहे’ एवढेच सांगते. ‘हे कोणाचे आहे’ हे सांगत नाही. ते सांगण्याचे काम पात्रांच्या वचनांवर येते आणि या मालिकेचा नायक तर खोटे बोलण्यासाठी प्रसिद्ध आहे. प्रमाणीकरणाची ही रिकामी जागा शेवटी प्रेक्षकाला भरावी लागते. चाहत्यांचा वाद ही हौस असेलही, परंतु माध्यमाच्या रचनेतील एका उणिवेला दिलेला तो आवश्यक प्रतिसादही आहे.

४

आता कळीचा प्रश्न येतो. हे वाद वस्तुस्थितीविषयी असतील, तर ते पुराव्याने मिटायला हवेत. प्रत्यक्षात ते मिटत नाहीत. कालप्रवासाच्या कथाविश्वात तर कोणतीही विसंगती ‘काळ बदलला’ या एका वाक्याने दूर करता येते. २००५ मध्ये नायकाचा ग्रह नष्ट झाल्याचे सांगितले गेले, २०१३ मध्ये तो वाचला होता असे ठरले, २०२० मध्ये तो पुन्हा उद्ध्वस्त झाला. बारा कायापालटांची मर्यादा २०१३ च्या नाताळातील भागात नव्या जीवनचक्राचे दान देऊन ओलांडली गेली. जेथे प्रत्येक विरोधाचा परिहार शक्य आहे, तेथे ‘हे सातत्यात बसत नाही’ या आक्षेपाला तार्किक बळ उरत नाही. तरीही तो आक्षेप घेतला जातो आणि तीव्रतेने घेतला जातो. याचा अर्थ आक्षेपाचा खरा विषय वेगळा असला पाहिजे.

हा विषय मूल्यनिर्णयाचा आहे. ‘हे खरे नाही’ या विधानाच्या पोटात बहुतेक वेळा ‘हे असे असू नये’ हे विधान असते. ‘द डेडली असॅसिन’ प्रक्षेपित झाली तेव्हा चाहत्यांच्या तत्कालीन प्रमुख संस्थेच्या अध्यक्षांनी तिच्यावर कठोर टीका केली. तोवर दूरस्थ आणि देवतुल्य भासणारी टाइम लॉर्डांची जमात येथे कारस्थानी, थकलेल्या, पदलोलुप वृद्धांची सभा म्हणून दाखवली होती. आक्षेपाची भाषा सातत्यभंगाची होती; वेदना गूढतेच्या हानीची होती. पुढे तीच कथा मालिकेतील श्रेष्ठ कथांमध्ये गणली जाऊ लागली आणि तिने घालून दिलेले नियम परंपरेचा आधार झाले. कथेतील पुरावा तसूभरही बदललेला नव्हता. बदलली ती अभिरुची. देवत्वाच्या जागी उपहासाचे मोल कळू लागले, तेव्हा विसंगती आपोआप सातत्यात सामावली गेली.

कॅननचा वाद हा विधिमीमांसेच्या भाषेत चाललेला सौंदर्यविचार आहे, असे म्हणता येईल. ही भाषा का स्वीकारली जाते, याचेही उत्तर देता येते. आवडनिवड ही व्यक्तिगत मानली जाते. तिच्यावर वाद घालता येत नाही, असा समज रूढ आहे. पुराव्याची भाषा मात्र सर्वांना समान आधार देते. ज्यांना समीक्षेची परिभाषा उपलब्ध नाही, त्यांनी आपल्या मूल्यनिर्णयांना सार्वजनिक रूप देण्यासाठी शोधलेली ही वाट आहे. ‘ही कथा भावुक आहे’ असे म्हणण्यापेक्षा ‘नायक असे वागणार नाही, १९७५ मध्ये तो असे वागला नव्हता’ असे म्हणणे त्यांना सोपे वाटते आणि त्यात पुष्कळदा सूक्ष्म व्यक्तिरेखा-विश्लेषणही असते.

५

वाचककेंद्री सिद्धान्तांनी या व्यवहाराची दखल घेतली आहे. बार्थ यांनी १९६७ मध्ये लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली. फूको यांनी १९६९ मध्ये ‘लेखक’ हे अर्थाच्या प्रसाराला आवर घालणारे एक कार्य असल्याचे दाखवले. स्टॅन्ली फिश यांनी १९८० मध्ये अर्थ हा अन्वयार्थक समुदायाच्या संकेतांतून घडतो, अशी मांडणी केली. हेन्री जेन्किन्स यांनी १९९२ मध्ये मिशेल द सर्तो यांची चोरट्या शिकारीची कल्पना घेऊन चाहत्यांच्या वाचनाचे वर्णन केले. परक्याच्या रानात शिरून आपल्याला हवे ते उचलून नेणारे ते वाचक. पुढे जेन्किन्स आणि जॉन टलक यांनी १९९५ मध्ये ‘डॉक्टर हू’ आणि ‘स्टार ट्रेक’ यांच्या प्रेक्षकांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यात या चाहत्यांच्या परिस्थितीचे वर्णन सत्ताहीन अभिजन असे केले आहे. अर्थ लावण्याचा अधिकार त्यांच्याकडे असतो, निर्मितीचा नसतो.

या मांडण्यांना ‘डॉक्टर हू’च्या पुढील इतिहासाने एक अनपेक्षित वळण दिले. १९८९ मध्ये मालिका बंद पडल्यावर परंपरेचे जतन चाहत्यांकडे आले. १९९१ पासून व्हर्जिन प्रकाशनाने नव्या कादंबऱ्यांची माला काढली. तिचे बहुतेक लेखक चाहत्यांमधूनच आले. १९९९ पासून बिग फिनिश या संस्थेने श्राव्य नाटके सुरू केली. कादंबरीमालेचे लेखक रसेल टी. डेव्हिस यांनी २००५ मध्ये मालिका पुनरुज्जीवित केली. त्यांच्यानंतर ती ज्यांच्या हाती आली त्या स्टीव्हन मोफॅट यांनी १९९६ मध्ये त्याच प्रकाशनाच्या कथासंग्रहात लिहिलेल्या कथेचे शीर्षकच ‘सातत्यातील चुका’ अशा अर्थाचे होते. चोरटे शिकारी रानाचे मालक झाले होते.

यामुळे प्रमाण आणि अप्रमाण यांतील सीमा कशी झिरपत राहते हे दिसून येते. पॉल कॉर्नेल यांची ‘ह्यूमन नेचर’ ही १९९५ ची कादंबरी सातव्या डॉक्टरची. डॉक्टर स्वतःचे स्वरूप विसरून पहिल्या महायुद्धाच्या पूर्वसंध्येला एका इंग्रजी शाळेत शिक्षक म्हणून राहतो, ही तिची कल्पना. २००७ मध्ये याच लेखकाने हीच कथा दहाव्या डॉक्टरसाठी पडद्यावर आणली. सातत्याच्या काटेकोर न्यायाने यांतील एक घटना घडलेलीच नाही, असे मानावे लागेल. परंतु दोन्ही वाचणाऱ्या-पाहणाऱ्याच्या अनुभवात त्या परस्परांना रद्द करत नाहीत. रामकथेच्या अनेक रामायणांची सवय असलेल्या वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. उलट प्रकारचे उदाहरण २०१३ चे. एका लघुभागात मरणोन्मुख आठवा डॉक्टर आपल्या सोबत्यांना नावे घेऊन निरोप देतो आणि ती नावे केवळ श्राव्य नाटकांतली असतात. एका वाक्याने अनेक वर्षांचे ‘दुय्यम’ वाङ्मय पडद्याच्या पंगतीला येऊन बसते.

‘स्टार ट्रेक’मध्येही असे घडले आहे. त्या मालिकेची १९७३-७४ ची सचेतपट-आवृत्ती दीर्घकाळ प्रमाणाबाहेर मानली गेली. तरीही कप्तान कर्कचे ‘टायबेरियस’ हे मधले नाव प्रथम तिच्यातच आले आणि १९९१ च्या चित्रपटाने ते पक्के केले. मूळ मालिकेच्या १९६६ मधील एका भागात थडग्यावर कोरलेले आद्याक्षर मात्र वेगळेच होते. बहिष्कृत संहितेतील नाव राहिले, मान्य संहितेतील आद्याक्षर गेले. परंपरा काय टिकवते हे केवळ अधिकारक्रमावरून सांगता येत नाही, याचा याहून नेमका दाखला शोधण्याची आवश्यकता नाही.

६

अधिकारक्रम फर्मानाने ठरवला जातो तेव्हा काय होते, हे ‘स्टार वॉर्स’च्या उदाहरणावरून दिसते. त्या कथाविश्वात कादंबऱ्या, चित्रकथा आणि खेळ यांना मालक संस्थेने वेगवेगळ्या श्रेणी बहाल केल्या होत्या. त्यांतून एक विस्तीर्ण, बऱ्याच अंशी सुसंगत असा इतिहास उभा राहिला होता. २०१२ मध्ये डिस्ने कंपनीने लुकासफिल्म विकत घेतली आणि २५ एप्रिल २०१४ रोजी जाहीर करण्यात आले की, चित्रपट आणि ‘द क्लोन वॉर्स’ यांव्यतिरिक्तचा तो विस्तार यापुढे ‘लेजंड्स’, म्हणजे दंतकथा, समजला जाईल. व्यावसायिक दृष्टीने हा निर्णय समजण्यासारखा आहे. नव्या चित्रपटांच्या लेखकांना शेकडो पुस्तकांचे ओझे वाहणे शक्य नव्हते. परंतु ज्यांनी दोन दशके तो इतिहास वाचला, त्यांच्या दृष्टीने एका निवेदनाने त्यांच्या वाचनाचा दर्जा पूर्वलक्षी प्रभावाने बदलला. विसंगतीमुळे काही बाद झाले नव्हते. मालकी हक्काने बाद झाले होते. पुढे १९९१ च्या कादंबरीतील थ्रॉन हे पात्र २०१६ मध्ये पडद्यावर परत घेण्यात आले. म्हणजे दंतकथेतून काय उचलायचे, हे ठरवण्याचा अधिकारही मालकाकडेच राहिला.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीशी याची तुलना उद्बोधक ठरेल. गणपतीने व्यासांचे लेखन केल्याचा प्रसंग त्या आवृत्तीने मुख्य पाठातून काढून परिशिष्टात ठेवला. त्यामागे हस्तलिखितांचा पुरावा होता, कसोटी उघड होती आणि वगळलेला पाठही वाचकासमोर ठेवलेला होता. तरीही तो प्रसंग मराठी मनातून गेला नाही, आणि जावा अशी संपादकांची अपेक्षाही नव्हती. जुन्यात जुन्या उपलब्ध पाठाचा निर्णय हा ज्ञानविषयक निर्णय होता. श्रद्धेचा किंवा रसास्वादाचा नव्हे. २०१४ च्या निवेदनात कसोटीचा प्रश्नच नव्हता. दोन्हींना ‘प्रमाण’ हा एकच शब्द लावला की हा भेद पुसला जातो.

मात्र सत्ता केवळ मालकाकडे असते आणि चाहता हा नेहमी निष्पाप असतो, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. सातत्याची भाषा बहिष्काराचे हत्यारही होते. जुलै २०१७ मध्ये डॉक्टरच्या भूमिकेसाठी प्रथमच अभिनेत्रीची, जोडी व्हिटकर यांची, निवड जाहीर झाली, तेव्हा काहींनी परंपरेचा हवाला देऊन विरोध केला. वस्तुतः कायापालटात लिंगबदल संभवतो हे २०११ मध्ये संवादातून, २०१४ मध्ये एका प्रमुख प्रतिनायकाच्या रूपातून आणि २०१५ मध्ये थेट पडद्यावर मालिकेने दाखवलेले होते. पुरावा विरोधकांच्या विरुद्ध होता. येथे सातत्याचे नाव पुढे केले गेले होते; प्रश्न निराळाच होता.

परंतु यावरून सर्वच विरोध पूर्वग्रहातून येतो, असा निष्कर्ष काढणे तितकेच अन्यायाचे होईल. १ मार्च २०२० रोजी प्रक्षेपित झालेल्या ‘द टाइमलेस चिल्ड्रन’ या भागाने सांगितले की, डॉक्टर मूळचा टाइम लॉर्ड नव्हेच. अज्ञात विश्वातून आलेल्या एका मुलीच्या देहातील शक्तीवरच ती जमात उभी राहिली आणि तीच मुलगी पुढे डॉक्टर झाली. मॉर्बियसच्या कथेतील त्या आठ चेहऱ्यांना चव्वेचाळीस वर्षांनी आश्रय मिळाला. सातत्याच्या हिशोबात ही मोठीच वसुली होती. तरीही अनेक विचारी प्रेक्षकांना ती रुचली नाही, आणि त्यांचा आक्षेप ऐकण्यासारखा होता. आपल्याच जमातीतील एक सामान्य व्यक्ती केवळ स्वेच्छेने घर सोडून जगाच्या दुःखात पडते, हा या नायकाचा नैतिक आशय होता. त्याला जन्मतः असाधारण ठरवले की निवडीचे मोल घटते. याउलट, आपले मूळ हिरावले गेलेल्या, स्मृती पुसल्या गेलेल्या आणि देहाचा उपयोग करून घेतलेल्या मुलाची ही कथा साम्राज्यांच्या पायाशी गाडलेल्या हिंसेचे रूपक आहे, असे समर्थकांचे म्हणणे होते. दोन्ही बाजू सातत्याची भाषा बोलत होत्या. वाद मात्र असाधारणता जन्माने येते की कर्माने, या प्रश्नाचा होता. हा प्रश्न कोणत्याही वाङ्मयाला परका नाही.

७

या विवेचनातून काही निष्कर्ष हाती येतात. सातत्य हा संहितेचा गुण असला तरी बहुकर्तृक आणि अपूर्ण कथाविश्वात तो कधीच पूर्णत्वाला जात नाही. तो प्रत्येक नव्या भागाबरोबर पुढे सरकणारा तह असतो. विसंगती ही त्या विश्वातील दोषस्थळे असतात, तशीच ती निर्मितीची ठिकाणेही असतात. आठ चेहऱ्यांची चूक झाली नसती, तर २०२० ची कथा, तिच्यातील बऱ्यावाइटासह, लिहिली गेली नसती. कॅनन हा अधिकार असला तरी तो केवळ मालकाच्या फर्मानाने चालत नाही. वाचकसमुदायाच्या दीर्घ स्मृतीत जे टिकते ते बहिष्कृत असूनही परत येते. आणि या दोन्हींविषयीचे वाद बहुतेक वेळा मूल्यनिर्णयाचे वाद असतात.

समीक्षेचे काम येथून सुरू होते. चाहत्याला ‘ही तर कल्पित कथा आहे’ असे सांगणे निरर्थक आहे. नॉक्सपासूनच्या प्रत्येक खेळाडूला ते ठाऊक आहे. त्याच्या पुराव्याच्या भाषेतून मूल्याचा प्रश्न उकलून दाखवणे मात्र उपयुक्त आहे. तसे केल्यावर पूर्वग्रह आणि रसविचार वेगळे ओळखू येतात, कारण पूर्वग्रहाला आपले मूल्य उघड सांगता येत नाही, रसविचाराला ते सांगता येते. ‘हे घडलेच नाही’ असे म्हणणाऱ्याला ‘ते घडले असते, तर काय हरवले असते?’ असा प्रश्न विचारला की वाद प्रमाणाकडून अर्थाकडे वळतो. ज्या मालिकेला कोणी प्रमाणसंहिता नेमून दिली नाही, तिच्याभोवतीचा हा वाद इतकी दशके ताजा राहिला, याचे कारण त्या अभावातच आहे. निर्णय देणारे न्यायपीठ नसल्यामुळे तेथे प्रत्येक पिढीला पुन्हा युक्तिवाद करावा लागतो. आणि युक्तिवाद करावा लागतो म्हणून पुन्हा वाचावे लागते.